पावडी मऊ लागते

पहिल्यांदा जाणवलं ते दसऱ्यानंतर, कोराडी रोडवर, वीजकेंद्राची राख नेणाऱ्या ट्रकच्या मागं. ट्रकनं ब्रेक मारला, मी मारला, आणि माझा पाय रोजच्यापेक्षा खोल गेला. गाडी थांबली, पण जरा उशिरानं. ट्रकच्या फाळक्यावरची राख माझ्या काचेवर भुरभुर पडली, इतकी मी जवळ गेले होते. मी मुळात तापट बाई, तोंडातून पहिली शिवी ट्रकवाल्यालाच गेली. त्याचा काही दोष नव्हता.

मी कोराडीच्या कॉलनीतल्या एका शाळेत शिकवते. घर नागपूरच्या उत्तरेला, जरीपटक्याच्या पलीकडं. नवरा चंद्रपूरला नोकरीला, पंधरवड्यातून एकदा येतो. घरात मी आणि माझे बाबा. बाबा उमरेडचे विणकर. हातमाग बंद पडून किती वर्षं झाली, पण त्यांचे पाय अजून मागाच्या खड्ड्यातच आहेत असं मला वाटायचं. खुर्चीत बसले तरी आळीपाळीनं एकेक पाय दाबत बसायचे, खाली मागाच्या पावड्या असल्यासारखे. आई गेल्यावर मी त्यांना इकडं आणलं. सोबत काय आणलं त्यांनी? दोन धोतरं, आईचा फोटो आणि मागाला तेल द्यायची लांब चोचीची कुपी. मी म्हटलं, बाबा, ही कशाला? तर म्हणाले, "राहू दे वं. हातात राह्यते."

त्या संध्याकाळी त्यांना सांगितलं की गाडीचा ब्रेक मऊ लागतो आहे. बाबांना गाडीतलं काही कळत नाही, पण पायाखालचं कळतं. लगेच म्हणाले, "पावडी मऊ पडली म्हंजे दोरी ढिली असन. उद्या जानत्या माणसाले दाखव. अशी नको जाऊ."

"जाईन मी जपून," म्हटलं.

"नको जाऊ म्हणतो ना! तुह्या मागं मले कोन हाय?"

हे ते इतक्या घाबरून म्हणाले की मला हसू आलं.

जरीपटक्याच्या बाजारामागं माझा नेहमीचा मेकॅनिक आहे. बोलघेवडा, अर्धं हिंदी अर्धं मराठी, दुकानात सतत तीन गाड्या उघड्या. त्यानं पेडल दाबून पाहिलं, दोनतीनदा पटापट दाबलं, तर ते वर आलं आणि टणक झालं. "हवा है मॅडम. लाइन में हवा घुसली. दाबल्या दाबल्या वर येते ना, मंग हवाच." मला आत बसवलं, स्वतः चाकापाशी खाली बसला. "दाबा... धरून ठेवा... सोडू नका!" मी पेडल दाबून धरायची, तो चाकामागचा बारका नट ढिला करायचा, नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे आणि माझ्या पायाखालचं पेडल खाली खाली जायचं. तो पायाखालचा आधार जाणं मला अजिबात आवडलं नाही. चारही चाकांचं असं झालं. मग त्यानं बोनेटखालच्या बाटलीत नवीन ब्रेक ऑइल भरलं, आणि पेडल कसं एकदम चांगलं झालं.

दिवाळी गेली आणि पुन्हा मऊ. या वेळी भिजवलेल्या कणकेत पाय रुतावा तसं. पुन्हा जरीपटका, पुन्हा बुडबुडे. त्याच्या दुकानात सणानंतरची गर्दी, त्याचं लक्ष अर्धं फोनवर. बाटलीचं झाकण लावताना ते दोनदा निसटलं. त्यानं तळहातानं ठोकून बसवलं आणि म्हणाला, "हवा परत येऊन राहिली म्हंजे कुठं तरी लीक आहे. पण बाहेरून तर सगळं सुकं दिसते. एक करा, बाटलीवर खूण करा. लेव्हल खाली गेली का मले सांगा."

मी नेलपॉलिशनं बाटलीवर रेघ ओढली. रोज शाळेतून आले की बोनेट उघडून पाहायची. आणि इथून माझी झोप उडाली. लेव्हल खाली गेली नाही. रेघेच्या वर गेली.

आधी वाटलं, माझीच नजर चुकली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणखी वर. फोन केला तर मेकॅनिक हसत सुटला. "मॅडम, बाटली में से तेल घटता है, बढ़ता थोडी है!" मी म्हटलं, दात काढू नको, मी डोळ्यानं पाहून राहिले. तो म्हणाला, "मंग कोनी टाकून राह्यलं असन," आणि फोन ठेवला.

कोणी टाकून राहिलं असेल! हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. गाडी फाटकाच्या आत उभी असते. चावी दाराजवळच्या खिळ्याला. आणि शेजारी कोण? ज्याच्याशी माझं गाडी लावण्यावरून उन्हाळाभर भांडण चाललं होतं, तो. त्याच्या स्कूटरला जागा पुरत नाही म्हणून त्यानं एकदा माझ्या टायरची हवा सोडली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुरावा नव्हता, पण ठाऊक होतं. हवा सोडणारा माणूस ब्रेकमध्ये काहीही टाकेल, असं मला वाटायला लागलं. घरी जाताना त्या ट्रकांच्या रांगेत दोन गाड्यांची जागा सोडून चालायची. आपल्या जिवावर कोणी उठलंय, आणि ते कुंपणापलीकडं बसून चहा पितंय, या विचारानं मी रात्री खिडकीतून गाडीकडं पाहत बसायची.

एका सकाळी राहवलं नाही. तो दात घासत अंगणात उभा होता. मी फाटकाशी उभी राहून, कोणाचं नाव न घेता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "लोकांच्या गाड्यांना हात लावणाऱ्यांचे हात झडतील म्हणावं!" तो तोंडातला फेस थुंकून शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीपाशी रोज सकाळी कोन असते, ते घरात विचारा. उगाच माह्या नावानं बोंबलू नका."

"माझे बाबा गाडी पुसतात!" मी ओरडले. "तुमच्यासारखे आयते बसत नाहीत!"

खरंच पुसायचे. मी आंघोळीला गेले की बाबा ओलं फडकं घेऊन गाडी पुसायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. दिवसभर घरात एकटा जीव, तेवढंच काम. अलीकडं ते थोडे विसराळू झाले होते. चहा झाला का म्हणून दोनदा विचारायचे, भाजीत मीठ परत टाकायचे. मी म्हणायची, वय झालं. कोणाचं होत नाही?

माझं भांडण ऐकून बाबा ओसरीवर आले होते. "काय झालं वं?"

"काही नाही. तो मेला गाडीला काहीतरी करतो आहे."

बाबांचा चेहरा उतरला. "गाडीले? तुह्या गाडीले?" आणि ते कुंपणाकडं असे पाहत राहिले की मलाच त्यांना धरून आत न्यावं लागलं.

कार्तिकातल्या एका रविवारी रामटेकला जायचं ठरलं होतं. बाबांचा दरवर्षीचा नेम. आई होती तेव्हा एसटीनं जायचे, पायऱ्या चढून वर. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून गाडी थेट वर न्यायची. मी आदल्या दिवशी मेकॅनिककडून पुन्हा हवा काढून घेतली. पेडल दगडासारखं. गल्लीत दहादा दाबून पाहिलं. म्हटलं, सरळ रस्ता आहे, हळू जाऊ. बाबा पहाटेपासून तयार, धोतर, टोपी, नवीन बंडी. मी आंघोळ करून आले तर ते गाडीपाशी हात पुसत उभे. "झाकन लय घट्ट झालं वं आताशा," म्हणाले. मला वाटलं, डब्याचं झाकण. मी म्हटलं, ठेवा, मी उघडते नंतर.

जाताना सगळं छान होतं. दोन्ही बाजूंनी धान कापून पडलेला, बाबा खिडकीतून पाहत गुणगुणत होते. टेकडीवर चढलो, दर्शन झालं. बाबांनी रामापुढं इतका वेळ डोकं टेकवलं की मागचे लोक कुरकुरले. बाहेर येऊन म्हणाले, "तुह्यासाठी मांगून राह्यलो होतो. रोज जाते येते त्या रस्त्यानं. सुखरूप घरी येऊ दे म्हटलं." मी त्यांच्या हातात प्रसादाची पुडी दिली आणि गाडी उताराला लावली.

पहिल्या वळणावर पेडल मऊ लागलं. दुसऱ्या वळणावर पाय अर्धा खाली गेला. मी पटापट दाबलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पाय थेट तळाला टेकला. काही नाही. खाली काही नाहीच. गाडी आपल्या मनानं चालली होती.

पुढं यात्रेकरूंची ओळ उतरत होती. बायका, खांद्यावर लेकरं घेतलेले बाप, एक म्हातारी काठी टेकत अगदी रस्त्याच्या मधोमध. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, पहिला टाकायला गेले तर पडेना. बाबा शेजारी दोन्ही पायांनी गाडीचा तळ दाबून धरत होते, जीव खाऊन, तोंडानं "राम राम राम." मी हँडब्रेक हळूहळू ओढला. एकदम ओढला तर गाडी फिरते, हे कुठंतरी ऐकलेलं तेव्हा आठवलं, नशीब माझं. मागची चाकं घासायला लागली, जळका वास आला. डावीकडं रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढिगारा दिसला. त्या म्हातारीला कोणीतरी दंडाला धरून बाजूला ओढलं आणि मी गाडी ढिगाऱ्यात घातली. धप्प असा आवाज झाला, बोनेटवर मुरूम उडाला, आणि आम्ही थांबलो.

माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. लोक जमले. कोणी पाणी दिलं, कोणी शिव्या दिल्या. बाबांना खरचटलंही नव्हतं, फक्त प्रसाद सगळा मांडीवर सांडला होता. ते समोर पाहत बसले होते, चेहऱ्यावर भीती नाही, नुसता अचंबा.

"असं कसं झालं वं?" ते म्हणाले. "सकाळीच तर पोटभर तेल पाजलं होतं मी याले."

मी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "काय पाजलं?"

"तेल. रोजच टाकतो मी थोडं थोडं. आज टेकडी चढाची होती, म्हून जास्त टाकलं."

सगळं एकाच वेळी समजलं. दसऱ्याला नवऱ्यानं गाडीची पूजा करताना बोनेट उघडून दिलं होतं, बाबांनी आत हळदकुंकू वाहिलं होतं. विणकराच्या घरात दसऱ्याला मागाला तेल देतात, आणि नुसतं दसऱ्याला नाही, रोज सकाळी मागावर बसायच्या आधी दोन थेंब, मग हात जोडायचे. ज्याच्यावर घर चालतं त्याला कोरडं ठेवायचं नाही. आता घर माझ्या पगारावर चालतं आणि पगार गाडीनं येतो. बाबांनी खिळ्यावरची चावी घेतली, नवऱ्यानं ओढला तो खटका ओढला, आणि सगळ्यात वर दिसणारी, सहज उघडणारी बाटली पाहून तिच्यात आपल्या कुपीतलं मशीनचं तेल सोडत राहिले. रोज, मी आंघोळीला गेले की.

मी ओरडले. भर रस्त्यात, शंभर माणसांसमोर मी माझ्या म्हाताऱ्या बापावर ओरडले. "मारून टाकलं असतं तुम्ही मला! ती म्हातारी मेली असती! लेकरं होती समोर! कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" बाबा मांडीवरचे साखरफुटाणे एक एक वेचून पुडीत घालत राहिले.

गाडी दोरीनं ओढून खाली गावात नेली. तिथल्या गॅरेजवाल्यानं बाटलीचं झाकण काढलं, आणि झाकणाच्या आतलं रबर बाहेर लोंबलं. फुगून, वेडंवाकडं होऊन, परत आत बसेना. जरीपटक्यात झाकण का निसटत होतं ते तेव्हा कळलं. त्यानं बोट बुडवून वास घेतला. "मशीनचं तेल गेलं याच्यात. रबर फुगते याच्यानं. वरचं असं फुगलं तर आतले सगळे तसेच असतील." मास्टर सिलिंडर नवा, चाकांमधली रबरं नवी, पाईप नवे, लोखंडी नळ्या धुवायच्या, एकही जुनं रबर ठेवायचं नाही, असं त्यानं सांगितलं. मग विचारलं, "कोनं टाकलं?"

मी उत्तर द्यायच्या आत बाबा बाकावरून उठले. "म्या टाकलं."

"काहून टाकलं जी आजोबा?"

"पोरगी रोज जाते ना याच्यावर," ते म्हणाले. "तिले काही होऊ नये म्हून."

गॅरेजवाला खाली मान घालून नट काढायला लागला. मी बाहेर जाऊन टपरीमागं उभी राहून रडले. राग होता, भीती होती, आणि मघाशी ओरडले त्याची लाज होती. बसनं घरी आलो. संपूर्ण रस्ता बाबांनी माझा हात धरून ठेवला होता. घरी आल्यावर त्यांनी कुपी आणून माझ्या हातात दिली. "हे ठेव तुह्यापाशी. मी आता हात नाही लावत गाडीले. आईची शपथ." मी कुपी कपाटावर, मागं, वर ठेवून दिली.

गाडी दुरुस्त होऊन आली. मी शेजाऱ्याकडं जाऊन माफी मागितली, त्यानं मला चहा पाजला आणि स्कूटरचा विषयही काढला नाही. "मी पाहत होतो मॅडम त्यायले," तो म्हणाला. "आधी हात जोडाचे, मंग तेल टाकाचे. मले वाटलं तुम्हीच सांगितलं असन."

त्यानंतरचा सोमवार. मी आंघोळ करून डबा भरून बाहेर आले. चावी खिळ्यावर नव्हती, कारण आता ती माझ्या पर्समध्ये असते. बाबा गाडीपाशी उभे होते. हातात वाटी. वाटीत स्वयंपाकाचं फल्लीतेल.

"चावी कुठी हाय वं?" ते चिडून म्हणाले. "किती वेळचा शोधून राह्यलो. मशीनले तेल टाकाचं हाय. तुले उशीर व्हईन."

"बाबा," मी म्हटलं, "रामटेक आठवतं ना? त्या रविवारी?"

"कोनचा रविवार? कार्तिकात जाऊ ना रामटेकले. अजून लय वेळ हाय."

ते माझी थट्टा करत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत शपथ नव्हती, उतार नव्हता, मुरमाचा ढिगारा नव्हता. फक्त मला उशीर होईल याची काळजी होती.

"तुम्ही मघाशीच टाकलं ना तेल," मी म्हटलं.

त्यांनी वाटीकडं पाहिलं. "टाकलं का मी?"

"हो. मी पाहिलं."

"मंग बरं." त्यांनी गाडीला हात जोडले. "सावकाश जाजो, बाई."

मी आत बसले. पेडल दाबलं, टणक, जिथल्या तिथं. गाडी सुरू केली, फाटकापर्यंत नेली. आरशात बाबा दिसत होते, वाटी सांभाळत स्वयंपाकघराकडं निघालेले. मी संध्याकाळी येईपर्यंत घरात दुसरं कोणी नसतं. तिथं शेगडी आहे, काड्यापेटी आहे, आणि बाबांचा अजून चहा झाला नव्हता.

मी गाडी बंद केली. धावतच आत गेले, गॅसच्या सिलिंडरचा खटका बंद केला, आणि शाळेत फोन करून सांगितलं की आज येणं होणार नाही.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "परत काहून आली वं? गाडी बिघडली का?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "गाडी चांगली आहे."